खुर्चीपासून बारा विती

३ तारीख, सोमवार
चष्मा फ्रिजमध्ये सापडला, तर सूनबाई सगळ्या घराला ऐकवत सुटली. चष्मा गार झाला तर तिचं काय गेलं? असो. वहीबाई, बरी आहेस ना?

मुलाने निकाल दिला. शनिवारपर्यंत काही हरवलं नाही तर कपाटाची किल्ली माझ्याकडे. हरवलं तर सुनेकडे. चाळीस वर्षं किल्ली माझ्या ताब्यात आहे. बघतेच.

४ तारीख
नात गणित करत होती. म्हणाली, आजी, खोलीतली कुठलीही जागा तीन आकड्यांत सांगता येते. एक कोपरा धरायचा. तिथून उजवीकडे किती, पुढे किती, वर किती.

मी चौथी नापास, पण पहिल्या फटक्यात कळलं. कोपऱ्यात जळमटं, म्हणून मी माझी खुर्ची धरली. तोंड टीव्हीकडे. माप माझी वीत.

५ तारीख, सकाळ
कात्री: ५, ९, ४. औषधाची डबी: २, ११, ५. किल्ली: १२, ६, ८. जागा लिहीत नाही, वहीला पाय फुटतात. तीनदा चेक केलं, तिन्ही वेळा सापडलं. सिस्टीम पक्की.

संध्याकाळ
कात्रीच्या जागी कुंडी. सुनेने हलवली असणार. भांडण शनिवारसाठी राखून ठेवलं.

७ तारीख, संध्याकाळ
औषधाची डबी घ्यायला गेले. दोन, अकरा, पाच. हात मुलाच्या टकलावर. आई, काय शोधतेस, म्हणाला. म्हटलं, आशीर्वाद देतेय.

८ तारीख, शनिवार दुपार
सगळे जमले. बारा उजवीकडे, सहा पुढे, आठ वर. हाताला नुसती हवा.

नात म्हणाली, आजी, खुर्ची रोज इथेच असते?
म्हटलं, खुळी की काय, सकाळी खिडकीशी, दुपारी दाराशी. ऊन जाईल तशी मी जाते.

नातीने पेन खाली ठेवलं. मुलगा छताकडे बघू लागला. सूनबाई हसली नाही, तेच जास्त झोंबलं. तिने खुर्ची खिडकीशी नेली, माझाच हात धरून विती मोजल्या आणि घड्याळामागून किल्ली काढली. आपल्या कमरेला खोचली.

चूक माझी नाही. खुर्ची हलवायची नसते, हे गणितात आधी लिहायला नको? नातीच्या मास्तरांनी सोमवारच्या आत लेखी उत्तर द्यावं. सूनबाईने मध्ये बोलायचं नाही.