पाकिटाला टाचलेला रिपोर्ट

बारामती, १२ नोव्हेंबर १९९६

कळसच्या तात्यांची मुलगी आज लॅबमध्ये आली होती. मार्चमध्ये त्यांच्या फुफ्फुसाचा तुकडा तपासून मी 'लहान पेशींचा कॅन्सर' लिहिलं, म्हणजे ऑपरेशन नाही. खात्रीसाठी त्याची काचेची स्लाइड पुण्याला माझ्या सरांकडे पाठवली. त्यांचंही तेच. आता मुंबईवाले म्हणतात, प्रकारच वेगळा. तेव्हा ऑपरेशन करता आलं असतं. आता उशीर झाला.

"मुंबईला नुसती काच दिली व्हती," ती म्हणाली. "मग तुमचं दोघांचं एकच कसं आलं?"

कसं आलं? पुण्याच्या पाकिटाला माझा रिपोर्ट टाचला होता. नेहमीच टाचतो. मी त्यांचा आवडता विद्यार्थी. सरांनी काच बघितली, की माझी सही?

तिला म्हणालो, "होतं असं कधी कधी." टाचणीचं बोललो नाही.

सकाळीच पणदऱ्याच्या एका बाईंची स्लाइड पुण्याला गेलीय. रिपोर्ट टाचून.