बटणांत मागाचं तेल

अण्णा,

तुम्हाला लिहायचं तर तेलुगूत लिहायला हवं होतं. पण तुम्ही मला मराठी शाळेत घातलंत आणि घरची भाषा तोंडापुरतीच राहिली, अक्षर काही गिरवलं नाही. तसंही रागावलात की तुम्ही मराठीवरच यायचात. आज मी रागावलोय, तेव्हा मराठीच बरी. राग जुनाच आहे. तुम्ही माझा गेम तेल घालून मारलात आणि वर "बरं झालं" म्हणालात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मला टक्कल पडलं, मुलगी सातवीत गेली, तरी ते दोन शब्द माझ्या घशाखाली उतरलेले नाहीत. यंदाच्या दसऱ्यानंतर दुकानात त्याच गेमचे स्क्रू काढले. आत जे दिसलं त्यानं राग कमी व्हायला हवा होता. झालं उलटंच, म्हणून लिहितोय.

दुकानाचं तुम्हाला माहीत नाही. तुमच्यामागं टाकलं ते, तुमच्या कारखान्याच्या बोळाच्या तोंडाशीच. कॉम्प्युटर, टीव्हीला जोडायचे कन्सोल, हातात धरून खेळायचे गेम, जे येईल ते दुरुस्त करतो. पोरं तर येतातच, पण पोरांचे आईबाप जास्त येतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच. काल एक बाई आल्या होत्या. "सर, पोरगं मागं लागलंय गेमसाठी. त्यापेक्षा लॅपटॉपच घेऊ का? अभ्यास पण होतोय की." मी हसलो. त्यांना वाटलं, सर खूश झाले. अण्णा, हे वाक्य मी तुमच्या तोंडून ऐकलंय, फक्त लॅपटॉपच्या जागी कॉम्प्युटर होतं.

माझं मत तुम्ही कधी विचारलं नाहीत. गिऱ्हाइकं विचारतात, म्हणून तयार आहे, ऐका. कन्सोल प्रामाणिक. त्याला खेळण्याशिवाय दुसरं काही येतच नाही. टीव्हीला जोडला की पोरगं काय करतंय ते घरात सगळ्यांना दिसतं. हरलं तरी चारचौघांत, जिंकलं तरी चारचौघांत. आईच्या मालिकेची वेळ झाली की निमूट उठायचं, एवढीच त्याची अडचण. कॉम्प्युटर मात्र लबाड. त्याच्यावर गेम सगळ्यात देखणे चालतात, नाही कोण म्हणतंय, पण हे टाका, ते अपडेट करा, कार्ड बदला, गेम सुरू व्हायच्या आधीच निम्मा जीव जातो. आणि तो चोरून खेळायलाच बनवलाय. पुढं धडा उघडा, मागं लढाई, कुणाची चाहूल लागली की एक बटण दाबायचं आणि शहाण्यासारखं तोंड करून बसायचं. मोबाईलला तर मी गेमिंगमध्ये धरतच नाही. घडीघडीला जाहिरात, आणि काचेवर नुसतं बोट घासायचं. दाबलेलं बोटाला कळत नाही तो कसला डोंबलाचा गेम! राहिला हातातला. त्याच्याबद्दल मी गिऱ्हाइकांना वाईटच सांगतो. पडदा लहान, डोळे जातात, घेऊ नका. खोटं बोलतो. त्याच्याइतकं आपलं असं दुसरं काही नसतं. टीव्ही मोकळा व्हायची वाट बघायला नको, कुणाची खोली नको, जिन्याच्या पायरीवर बसलात तरी सगळं जग तुमच्या दोन तळव्यांत. पण मी स्वतःसाठी पुन्हा एकही घेतला नाही. का, ते तुम्हाला माहीत आहे.

भिवंडीच्या आत्यानं आणला होता तो. करडा, जाडजूड, हिरवट पडद्याचा, सेलवर चालणारा. एक इवलासा माणूस शिड्या चढत जायचा आणि वरून दगड पडायचे. बस, एवढंच. आमच्या पेठेत तेव्हा कुणाकडं असं काही नव्हतं. चौकातल्या पार्लरमध्ये कॅसेट फुंकून फुंकून लावायची आणि मोठी पोरं उठेपर्यंत उभं राहायचं, ही आमची ऐपत. आणि इथं माझ्या खिशात अख्खा गेम! शाळेतून आलो की मी तुमच्या कारखान्यात यायचो. तुम्ही जॉबर. कुठला माग अडला की तुम्हाला हाक यायची. मी कोपऱ्यात टॉवेलांच्या गठ्ठ्यावर बसून खेळत असायचो आणि तुम्ही मागाच्या पोटात हात घालून उभे असायचात. त्या खडखडाटात गेमचा आवाज मला स्वतःलाच ऐकू यायचा नाही. एखादा माग कुरकुरला की तुम्ही तेलाची बुधली घ्यायचात, तिची लांब चोच बरोबर सांध्यावर टेकवायचात, एक थेंब सोडायचात आणि वेस्टच्या, टाकाऊ सुताच्या, बोळ्यानं पुसून काढायचात. निम्मी दुखणी तेलानंच जातात, असं तुम्ही नव्या कामगारांना सांगायचात. मला ते बघायला आवडायचं. हेही कधी बोललो नाही मी.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी गेमचं उडीचं बटण अडकायला लागलं. दाबलं की आतच बसायचं आणि माझा माणूस दगडाखाली जायचा. जेवताना मी रोज त्याची रड सांगायचो. तुम्ही मान खाली घालून जेवायचात, मला वाटायचं तुमचं लक्ष नाही. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही ओट्यावर पेटी उघडून बसलात. पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर, मागाचा जुना धोटा, एकेक काढून पुसत होतात, तेल देत होतात. सकाळी पूजेत मांडायचं आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, हा आपला रिवाज. काका शेजारी झेंडूच्या माळा ओवत होते. मी गेम घेऊन आलो आणि विचारलं, "अण्णा, ह्याला पण बसवू का पूजेत?" काका हसले. त्यांच्या हसण्यानंच तुम्ही बिघडलात, मी बघत होतो. "येडा झालास काय बे? ज्याच्यावर पोट चालतंय ते हत्यार. हे खेळणं हाय. खेळण्याला कुंकू लावतात व्हय?" काका अजून हसले. मी गेम तिथंच तुमच्या पायाशी टाकला आणि आत निघून गेलो. मला तेव्हा एवढंच हवं होतं, की तुमच्या पान्याशेजारी माझी एक वस्तू असावी.

सकाळी उठून बघतो तर गेम पेटीशेजारी वेस्टमध्ये गुंडाळलेला. उचलला तर हाताला बुळबुळीत लागला. मागाच्या तेलाचा तो वास मी झोपेतसुद्धा ओळखला असता. सेल घातले, पडदा उजळला, माणूस शिडीखाली उभा राहिला, पण कुठलंच बटण चालेना. उडीचं नाही, पुढं जायचं नाही, काहीच नाही. तो नुसता उभा, वरून दगड. मी किंचाळलो, "तेल ओतून मारला! मुद्दाम मारला माझा गेम!" आई नारळ घेऊन दारात थबकली, काका आरतीचं ताट घेऊन, शेजारचेसुद्धा डोकावले. तुमच्या बोटाला हळद लागलेली, हात तसाच वर राहिला. तुम्ही गेमकडं बघितलंत, काकांकडं बघितलंत, आणि म्हणालात, "बरं झालं. आता तरी अभ्यासाचं बघशील." मग पान्याला हळद लावलीत. मी त्या दिवशी जेवलो नाही, तुम्हीही मला बोलवायला आला नाहीत.

पुढं मी दहावीला गेल्यावर घरात कॉम्प्युटर आणलात. शिक्षणासाठी. त्याला तुम्ही पहिल्याच खंडेनवमीला मॉनिटरच्या कपाळावर कुंकू लावलंत, माळ घातलीत, दिवसभर कुणाला हात लावू दिला नाहीत. काकांना सांगायचात, "पोरगं कॉम्प्युटरवर काम करलालंय." काम! अण्णा, त्याच्यावर मी गेमशिवाय काहीही केलं नाही. तुमची पावलं वाजली की धडा पुढं यायचा. जो गेम मी तुमच्यादेखत, तुमच्याच कारखान्यात बसून खेळायचो, त्याला तुम्ही हाकललंत. आणि ज्या डबड्यानं मला खोटं वागायला शिकवलं, त्याची पूजा केलीत. ही चीड माझ्यात इतकी मुरली की तुमच्या आजारपणातसुद्धा गेली नाही. दम लागायचा तुम्हाला, कारखाना सुटला होता. तुम्ही खुर्ची ओढून माझ्या मागं बसायचात, स्क्रीनकडं बघत. मी धडा पुढं आणायचं कधीच सोडून दिलं होतं. एकदा तुम्ही विचारलंत, "ते पहिलं होतं बघ, हातातलं. ते दुरुस्त होतंय का रे?" मी मागं वळलोसुद्धा नाही. "मारलेलं कसं दुरुस्त होणार?" म्हणालो. तुम्ही खुर्ची मागं सारून उठून गेलात.

यंदा खंडेनवमीला आईनं तुमची पेटी माळ्यावरून खाली काढायला सांगितली. दुकानातली माझी हत्यारं आणि तुमची, एकत्र पूजू म्हणाली. पेटीच्या तळाशी, धोट्याखाली, वेस्टमध्ये गुंडाळलेला गेम. मला वाटत होतं तुम्ही तेव्हाच कचऱ्यात टाकला असणार. पूजा झाली, दसरा गेला, मी तो दुकानात नेला आणि उघडला. अण्णा, माझं रोजचं काम आहे हे. कुणी रागानं काही ओतलं असेल तर आत तळं होतं, सगळीकडं पसरतं, पडद्याखाली जातं. इथं तसं काही नव्हतं. प्रत्येक बटणाच्या कडेला, बरोबर सांध्यावर, तेवढ्यापुरतंच तेल मुरलेलं. बाहेरून पुसलेलं. उडीच्या बटणाला थोडं जास्त. मागाला देता तसंच. फक्त ह्याच्या बटणांखाली रबर असतं आणि मागाच्या तेलानं रबर फुगतं, हे तुम्हाला कुठून माहीत असणार? गिऱ्हाईक उभं होतं, त्याला उद्या या म्हणालो.

तुम्ही तो दुरुस्त करत होतात. काका उठून गेल्यावर, पान्यांबरोबर, धोट्याबरोबर, तुम्ही त्यालाही तेल दिलंत. पूजेच्या हत्यारांबरोबर वेस्टमध्ये गुंडाळून ठेवलात. बहुतेक सकाळी मांडणारही होतात. आता ह्यावर मी गहिवरावं, असं आईचं म्हणणं आहे. तिला सांगितलं तर तिनं डोळ्याला पदर लावला. मला नाही रडू आलं. मला संताप आला. कारण मग तुम्हाला फक्त एवढंच म्हणायचं होतं: "चुकलं रे, नीट करायला गेलो." मी त्या दिवशीही जेवलो असतो आणि पुढं इतकी वर्षं तुमच्याशी बोललोही असतो. पण भावासमोर आणि शेजाऱ्यांसमोर जॉबरचं तेल चुकलं, हे तुमच्यानं म्हणवलं नाही. पोरानं तुम्हाला दुष्ट समजलेलं परवडलं, पण अडाणी समजलेलं नाही! काय मिळवलंत, सांगा? आणि मी काय मिळवलं तुमच्याकडं पाठ करून? खुर्ची ओढून बसत होतात तेव्हा कदाचित हेच सांगायला येत होतात. कदाचित नसालही. आता काय, मी काहीही समजू शकतो, आणि हीच शिक्षा आहे.

गेम चालू झाला, हेही सांगतो. नवी रबरं घातली, तेल पुसलं. तो माणूस अजून शिड्या चढतो, दगड अजून तसेच पडतात. गंमत म्हणजे मला आता पहिली शिडीसुद्धा जमत नाही.

इथंच थांबणार होतो. पण गेल्या आठवड्यात घरी एक गोष्ट झाली. तुमची नात कॉम्प्युटरवर एक गेम खेळते. त्यात गाव वसवायचं असतं. मे महिन्याच्या सुट्टीपासून ती ते गाव बांधत होती. तळं, शाळा, कारखान्यांची एक रांगसुद्धा, आणि त्यातल्या एकावर तिनं "आजोबा" असं लिहिलं होतं. कॉम्प्युटर हळू चालतोय म्हणून मी तिच्यासाठीच त्यातलं सगळं पुसून तो नवा करायला घेतला आणि तिचं गाव आधी बाजूला काढून ठेवायला विसरलो. मी! दुसऱ्यांचं सामान जपायचं हाच माझा धंदा. शाळेतून आली, बसली, शोधलं. मग माझ्याकडं वळली. "पप्पा, माझं गाव कुठंय?" बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिचा भाऊ जेवायला आलेला होता. सगळे माझ्याकडं बघत होते आणि माझ्या तोंडातून निघालं, "बरं झालं. आता तरी परीक्षेचं बघ."

तिनं आरडाओरडा केला नाही. माझ्यापेक्षा शहाणी आहे. तेव्हापासून लागेल तेवढंच बोलते आणि मी खोलीत गेलो की वहीत मान घालते. चुकलं, एवढं तिला सांगायला मला पलीकडच्या खोलीत जायचंय. तिथं न जाता मी तुम्हाला लिहीत बसलोय, कारण तुम्ही वळून बघणार नाही.