कणकेवर शिकवलेला धडा

बाई, तुम्ही गेल्यापासून मी तुमच्याशी कधी बोलले नाही, आज लिहून बोलते. आम्हा बहिऱ्या मुलांना तुम्ही ओठ वाचायला शिकवलंत आणि हात हलवले की फटके दिलेत. हात मांडीखाली दाबून बसायचं, हा तुमच्या वर्गाचा नियम. त्याचा मला अजून राग येतो, खोटं कशाला सांगू?

शाळा संपली आणि मी अन् माझी वर्गातली निघोज्याची मैत्रीण चिंचवडला एका कंपनीत पॅकिंगला लागलो. तेव्हा आम्ही एकोणीस वर्षांच्या. आईनं मला डोळे वटारून एकच समजावलेलं, पुरुषाला हात लावायचा नाही. म्हणून बसचे पैसे मी कंडक्टरच्या हातात न देता त्याच्या पिशवीवर ठेवायची. तो वैतागायचा. हात लागला तर दिवस जातात, असंच मी धरून चालले होते. हे तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत. रविवारी दोघींना घरी बोलावलंत. तिच्याकडे लग्न होतं, ती आली नाही.

स्वयंपाकघराची खिडकी तुम्ही लावून घेतलीत, कारण हातांचं बोलणं समोरच्या घरातूनही दिसतं. मग पोळपाटावर कणीक थापून बाईचं पोट केलंत, आत गर्भाशय. ज्या गोष्टींचे शब्दच कधी शिकवले नव्हते, ते मी ओठांवरून कसे वाचणार? तुम्ही हातांनी सांगितलंत. बाई, तुम्ही! मला रडूच आलं. दिवस कसे जातात, संबंधातून कोणते रोग होतात, निरोध कशासाठी असतो, आणि कुणी लग्नाचं वचन दिलं तरी नको असेल तर नको म्हणायचं, सगळं सांगितलंत. निघताना सावकाश म्हणालात, "उद्या तिला सांग. काही गाळू नकोस."

सोमवारी कँटीनमध्ये तिनं हातांनी विचारलं, "बाईंनी कशाला बोलावलेलं?" आजूबाजूचे सगळे नेहमीसारखे आमचे हात बघत होते. मी लाजेनं मेले. "पोळ्या शिकवल्या," असं सांगून टाकलं. नंतर एकांतात सांगता आलं असतं, पण नाही सांगितलं.

काही महिन्यांनी तिला दिवस गेले. कंपनीतल्या एकानं लग्नाची खूण करून तिला फसवलं, आणि ती बिचारी ओकाऱ्यांसाठी कँटीनच्या उसळीला दोष देत होती. तुम्ही तिला दवाखान्यात नेलंत. तिची आई कपाळावर हात मारून म्हणाली, "आमच्या मुकीला ह्ये कुनी सांगायचं व्हतं, बाई?" मग बाहेरच्या बाकावर मला म्हणालात, "तू सांगूनही तिला कळलं नाही, म्हणजे माझंच शिकवणं कमी पडलं." मी मान डोलावली. त्यानंतर शेवटपर्यंत तुम्ही दर रविवारी बहिऱ्या मुलामुलींना हे शिकवलंत, प्रत्येक गोष्ट दोन-दोनदा.

बाई, तुमचं शिकवणं कमी पडलं नव्हतं. मी तिला सांगितलंच नव्हतं. तुम्हाला हे लिहिणं सोपं आहे, तुम्ही काही वाचणार नाही. ती तळवड्याला राहते. लेकीला तिनं एकटीनं वाढवलं. महिन्यातून एकदा माझ्याकडे जेवायला येते. तिला मी अजून सांगितलेलं नाही.