हर्षलच्या नावाने आलेला फोन

धुळे, मंगळवार, संध्याकाळ

अनोळखी नंबर मी एरवी उचलत नाही. आज भाकरी थापताना पिठाच्या हाताने न बघताच उचलला. पलीकडचा माणूस दरडावून म्हणाला, "थाने से बोल रहा हूँ. आपका लड़का हर्षल हमारे पास है."

हर्षलचं नाव या लोकांना कुठून मिळालं, देव जाणे. यावलच्या रस्त्यावर त्याचा अपघात झाला, त्याला आता वर्ष होत आलं. तरी माझ्या तोंडून काय निघालं? "तो बरा आहे ना? जेवला का?" असं कसं विचारलं मी?

मग त्याने कुणा मुलाचं रडणं ऐकवलं. "मम्मी, मुझे बचा लो." हर्षल मला माय म्हणायचा. मम्मी कधीच नाही. फसवणूक आहे हे मला तिथेच कळलं. कळूनही मी फोन कानाला धरून राहिले. मम्मी म्हणाला, तरीसुद्धा.

हे बाहेरून आले. "कोना फोन शे?" मी फोन पुढे केला. यांनी फोन घेतला, थोडं ऐकलं आणि हळूच म्हणाले, "आमचा हर्षल वारला, साहेब."

फोन कट झाला. यांनी नंबर ब्लॉक केला आणि तिथेच ओट्याला टेकून रडले. वर्षभरात हे शब्द यांनी कुणापाशी उच्चारले नव्हते, माझ्यापाशीही नाही. पहिल्यांदा उच्चारले ते एका भामट्यापाशी.