पेंढा न मोडणारं यंत्र

अब्बांना शाकीरचा सलाम.

बारा फळ्यांचा ढोल, दीड सूत जाड तारेचे एकशे वीस आकडे, पायानं दाबायची पट्टी. भात झोडायचं हे यंत्र मी कासुर्डीत आपल्या अंगणात एकट्यानं केलं, कुणी शिकवलं नव्हतं. तरी इथं भोरकडं पहिल्याच दिवशी चुकलो. दाणे पडले, पण पेंढाही तुटला. शेतमालकीण धुरपदामावशी बांधावरनंच ओरडल्या, "मिस्तरी, तांदूळ तुम्ही खाल, म्हशीला काय तुमची टोपी घालू?"

मग एकेक आकडा कानशीनं घासून गोल केला. आता पेंढा अख्खा राहतो. त्याच मावशी रोज जेवायला बोलावतात.

बाकी तब्येत बरी हाय. दिवसाला पाच घरांचं भात झोडून होतं. गुडघा सुजलाय, ते तुमच्या सुनेला सांगू नका. झोपल्यावरही पाय पट्टी दाबत राहतो. तुमचा खोकला थांबला का? खोऱ्यात रेंज नाही, म्हणून पोस्टकार्ड टाकतोय.

निघताना तुम्ही म्हणालात, गिऱ्हाईक मिळालं तर यंत्र विकून मोकळा हो, आता तुझंही वय झालं. काल मिळालं. इथल्या एका दुकानदारानं यंत्र मापांसकट मागितलं, वर पाटी मात्र त्याच्या नावाची. रागावू नका अब्बा, मी त्याला नाही म्हणालो. नव्वद हजार देत होता.

तुमचा शाकीर