नवापूरचा पिवळा रंग

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

धुवायलाच नको होती.

कुंदनची गाडी. रविवारी आमच्या काजलचा साखरपुडा झाला. कुंदन आणि त्याच्या घरचे सुरतहून आले, आणि इथूनच पुढे दोन आठवड्यांसाठी इंदूरला, नात्यातल्या लग्नांना गेले. घाटातला रस्ता उखडलेला, ही गाडी बुटकी, पोट घासेल — म्हणून तो वडिलांच्या मोठ्या गाडीत बसला आणि ही आमच्या शेडमध्ये ठेवून गेला. चावी माझ्या हातात दिली. "मम्मी, तुमच्याकडेच असू द्या." दोन दारांची, पिवळीधमक, शर्यतीत पळवतात तसली. गावातले लोक अजून काही ना काही निमित्त काढून बघायला येतात.

आज सकाळी वाटलं, धूळ बसलीय. जावयाची गाडी अशी बरी दिसत नाही. फवारणीच्या पंपाने धुवावी. ट्रॅक्टर आम्ही तसाच धुतो, घरची गाडीही तशीच. ड्रम भरलेला होता. पाणीच असणार. त्यात पाईप सोडला, मोटर चालू केली, टपापासून सगळी चांगली भिजवली. उन्हात वाळायला सोडून भाकरी टाकायला आत आले.

ड्रममध्ये ॲसिड होतं. केळीच्या ठिबकच्या नळ्यांत क्षार साचतात, ते काढायला हेमकांतनी कालवून ठेवलेलं.

बाहेर येऊन बघते तर बॉनेटवर दुधाळ ओघळ. पदराने पुसले, जाईनात. टपावर थेंबाथेंबाचे डाग, देवी आलेल्या माणसाच्या तोंडावर असतात तसे. चकाकी गेलेली.

हेमकांत मळ्यातून आले. बराच वेळ गाडीभोवती फिरले. "डरममा आसिड शे, तुले माहीत नव्हतं?"

"तुम्ही सांगं का?"

"तू इचारं का?"

मग त्यांनी ड्रमवर झाकण टाकलं.

एक गोष्ट फक्त इथे लिहिते. वास आला होता मला. नाकात चढणारा. शेडमध्ये कसला ना कसला वास असतोच, असं मी हेमकांतना म्हटलं. पण आला होता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तळहातांची आग होतेय. खोबरेल लावलं. होऊ दे.

हेमकांत म्हणाले, "कोनलेच सांगानं नही. सोयरीक नवी शे." ऐकून मला बरं वाटलं, हे लिहायची लाज वाटते.

भीती कुंदनची नाही, त्याच्या आईची आहे. सरलाबाई. साखरपुड्याला आम्ही दिलेलं चांदीचं ताट त्यांनी दोन्ही हातांत धरून जरा वर-खाली केलं. वजन बघावं तसं. सगळ्या बायकांनी पाहिलं. त्यांना कळलं तर म्हणतील, यांना गाडी सांभाळता येत नाही, ही पोरगी आमचं घर काय सांभाळणार. काजलसाठी दोन वर्षं स्थळं पाहिली. कुठे पत्रिका, कुठे आमची जमीन कमी, कुठे ती नोकरी करते म्हणून. हे जमलं तेव्हा हेमकांत लहान मुलासारखे गावभर सांगत फिरले. आता माझ्या एका बादलीभर उत्साहापायी मोडायचं?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर फोन.

सुरतेला कंपनीचं वर्कशॉप आहे. मुलगी किती गोड बोलत होती. खर्चाचा आकडा तिने सांगितला, हेमकांत खाटेवर बसले. पुढे म्हणाली, "गाडी आत घेतली की मालकांना आपोआप मेसेज जातो, मॅडम." मी फोन कापला. निरोपाचं एक वाक्यही न बोलता. चोरटं माणूस कापतं तसा.

नंदुरबारला एकाला फोटो पाठवून विचारलं. "मालक कुठे?" मी म्हटलं, मीच मालक. तो हसला. "ताई, नंबरपट्टी तं गुजरातनी शे." इतक्या सहज खोटं बोलले मी. चाळीशी उलटल्यावर हे एक नवीन शिकले.

शहाद्यात दोन चांगले रंगारी आहेत. पण शहाद्यात गाडी नेली की संध्याकाळपर्यंत सगळ्या समाजात बातमी.

म्हणजे ज्याला काम चांगलं येतं त्याच्याकडे न्यायची नाही. ज्याला आपण ठाऊक नाही त्याच्याकडे न्यायची.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

रनाळ्याहून नवनीत आला. माझा धाकटा भाऊ. नवापूरच्या पोल्ट्र्यांना कोंबड्यांचं खाद्य पुरवतो, हायवेवरचा माणूस अन् माणूस ओळखतो. दार उघडून आत डोकावला. "ताई, हाई गाडीमा बसानं कसं? झोपीसन?" मग बॉनेटकडे बघून म्हणाला, "वा. गाडीलेबी ठिबक करी दिधं तू."

मला हसू आलं. खूप हसले. मग हेमकांत दारात दिसले.

नवापूरला चुनीलाल म्हणून आहे, ट्रकच्या केबिनी आणि लक्झरी बस रंगवतो. "स्वस्त शे आनि त्याले कोन काय इचारत नही," नवनीत म्हणाला. सुरतेच्या आकड्याच्या पाव हिश्श्यात काम होईल. हेमकांत लगेच हो म्हणाले.

मीही.

१६ फेब्रुवारी, रविवार

नवापूरला जाऊन आलो. काजलने चालवली, मी शेजारी. गाडीत जागाच दोघांची. नवनीत त्याच्या पिकअपमध्ये मागे.

चुनीलालचं दुकान म्हणजे हायवेला लागून पत्र्याचं छप्पर. अर्धी घासलेली बस, तिच्या आरशाला टांगलेला शर्ट. शेजारून कोंबड्यांची गाडी गेली की पिसं उडून येतात. मी विचारलं, ओल्या रंगावर बसत नाहीत का? "बसली तर घासून काढतो, बेन. कोंबडीचं काय एवढं."

त्याने बॉनेटवर नख फिरवलं. "दूध ओतलं का वर?" नवनीत म्हणाला, नागपंचमी समजून. दोघंही हसले.

कंपनीचा पिवळा इथे मिळत नाही. सुरतेहून मागवला तर महाग आणि उशीर. "मी बनवून देतो ना. स्कूलबसचा पिवळा हाय आपल्याकडे, त्यात थोडा पांढरा." मी विचारलं, ओळखू येईल का? त्याने मान वाकडी करून पाहिलं. "सावलीत नाय येनार."

उन्हात? — हे मी विचारलं नाही. करा म्हटलं.

आज एवढंच.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काल सगळं लिहिलं नाही.

जाताना विसरवाडी मागे पडली. काजल रस्त्याकडे बघत होती. म्हणाली, "आई, मला हे लग्न नकोय."

मी आधी विचारलं, कुंदन काही बोलला का, वागला का. "नाही. चांगलाय तो." मग? काजल शहाद्याला केळीची रोपं तयार करणाऱ्या लॅबमध्ये आहे, काचेच्या बाटल्यांत बोटाएवढी रोपं वाढवतात. तीन वर्षं झाली. तिने कुंदनला विचारलं होतं, सुरतेला असं काम मिळेल का मला? "तो हसला, आई. वाईट नाही हसला. लहान मुलाला हसतात ना, तसा. म्हणाला, तुला कशाला काम करायला लागतंय?"

मी म्हटलं, साखरपुड्याआधी सांगायचं होतंस.

"सांगितलं होतं. तू ब्लाउजांना हुक लावत होतीस. म्हणालीस, सगळ्यांना असं वाटतं."

आठवलं मला. हुक तोंडात धरले होते. हेच म्हटलं होतं.

आणि तरी काल गाडीत मी काय बोलले? "आधी गाडी होऊ दे."

ती "बरं" म्हणाली. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर होता, त्याला तिने फार सफाईने मागे टाकलं. 

१९ फेब्रुवारी, बुधवार

आडून विचारून पाहिलं. समजा काजलचं मन नसलं तर?

हेमकांत मांडववाल्याशी फोनवर बोलून नुकते बसले होते. आधी समजलंच नाही त्यांना. मग म्हणाले, "साखरपुडा व्हई गया. आते पोरगीनी मोडं तं जल्मभर तिलेच इचारतीन, काय व्हतं, कोन व्हतं. तिकडथून मोडं तर गोट येगळी. चार दिन बोलतीन, इसरी जातीन." आणि मग, "तिनी काही सांगं का तुले?"

"नही."

दुसरं खोटं. नाही, कितवं कोण जाणे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

गाडी आली. शेडमध्ये उभी केली, आणि खरंच ओळखू येईना. मी चुनीलालला मनातून हात जोडले. मग काजलने ती अंगणात उन्हात काढली.

बॉनेट आणि टप एका रंगाचे. दारं दुसऱ्या. काजल म्हणाली, "पुढून शाळा सुटल्यासारखी वाटते." तिलाही हसू फुटलं, मलाही. कितीतरी दिवसांनी दोघी एका गोष्टीला हसलो.

हेमकांत हसले नाहीत. "कुंदनले दिन बुडावरच बलावानं. जेवालेच." शेडमधला बल्ब काढायचा. अंगणातला पिवळा दिवा राहू द्यायचा, त्यात सगळंच पिवळं दिसतं.

स्टुलावर चढून बल्ब मी काढला. हेमकांतना गुडघा वाकवता येत नाही ना.

२३ फेब्रुवारी, रविवार

कुंदन आला, अंधार पडायच्या बेताला. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. दोनदा मागून घेतलं. "मम्मी, गाडीचा त्रास नाही ना झाला तुम्हाला?"

मला त्रास. गाडीचा.

भाकरी वाढताना त्याने माझे हात पाहिले. सालं निघालीत अजून. "काय झालं?" मिरच्या कुटल्या, म्हटलं. तो जेवण तसंच ठेवून उठला, हात धुऊन बॅग उचकली, मलमाची ट्यूब काढली. "आजच लावा, हं. राहू द्या तुमच्याकडे." हेमकांत ताटात बघत होते. काजल माझ्याकडे.

निघताना वाकून नमस्कार केला त्याने. "सुखी राहा" म्हणायच्या ऐवजी मी डोक्यावर नुसता हात ठेवला. असा मुलगा आहे. वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

गाडी गेली. हेमकांत म्हणाले, "निभी गयं."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सुरतेहून काही फोन नाही. पाहिलं नसेल, की पाहून गप्प असेल? कुंदन पाहूनही गप्प राहील असा आहे.

लग्नपत्रिकेचा नमुना आला. गुलाबी. काजलने वाचला, टीव्हीवर पालथा ठेवला आणि लॅबचा डबा भरू लागली. मी जवळ गेले. हळूच विचारलं, खरंच नको?

डब्याचं झाकण लावत म्हणाली, "गाडी झाली ना आता, आई?"

रागाने नाही. अगदी साधं. 

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मोडलं.

दुपारी सरलाबाईंचा फोन, हेमकांतना. आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. त्यांना सगळं माहीत होतं — ॲसिड, नवापूर, स्कूलबसचा रंग. "गाडीचं काय, भाऊ, लोखंड आहे. पण आमचा मुलगा पहिल्यांदा जेवायला येतो आणि तुम्ही बल्ब काढून ठेवता? आज गाडी झाकली. उद्या काय झाकाल?" हेमकांत शेवटी फक्त, "चुकनं आमनं."

फोन खाटेवर ठेवला. मग माझ्याकडे बघून, "तुन्हामुये."

हो म्हटलं.

नवनीत पेटलाय. चुनीलालनेच तोंड उघडलं म्हणतो, सुरतेचे ड्रायव्हर त्याच्याकडे थांबतात. उद्या जाऊन बघून घेतो. हेमकांत मात्र पुन्हा पुन्हा एकच विचारतात, बल्बाचं चुनीलालला कोणी सांगितलं.

संध्याकाळी कुंदनचा मेसेज. मलाच. "मम्मी, नुसतं सांगायचं होतं. मी काही बोललो नसतो."

काजल लॅबमधून आली. बातमी ऐकली. "माझ्यामुळे नाही ना, आई?" विचारलं तिने. मी म्हटलं, तुझ्यामुळे कसं? माझ्यामुळे. ती माझ्याजवळ बसून राहिली. मग उठून दोन भाकरी खाल्ल्या.

२ मार्च, रविवार

नवनीत नवापूरला भांडून आला. चुनीलालने पोराबाळांची शपथ घेतली म्हणे, मी कोणाला बोललो नाही. नवनीतला ते खोटं वाटतं. पण चुनीलाल खरंच बोलतोय. उद्या नवनीतला तेवढं सांगावं लागेल.

शिवरात्रीला, म्हणजे मोडलं त्याच्या आदल्या दिवशी, देवळातून परतताना, केळीच्या बांधावर उभं राहून, सरलाबाईंना फोन मी केला होता. ॲसिड आणि रंग ऐकून त्या म्हणाल्या, असू द्या, होतं माणसाकडून. तेव्हा मी बल्बाचं सांगितलं.