वाळत घालायला जागा

३ मार्च, सोमवार

ठरलं! तळ्यातल्या बेटावर जायचं. सोळा तारखेला, रविवारी. आई, दादा, वहिनी, धाकटा टिल्लू आणि मी.

सहल वगैरे काही नाही हो. आईला भाड्याचं घर महिनाअखेर सोडायचंय आणि ती कुणाकडे राहणार याचा पत्ता नाही. बाबा गेल्यापासून हे ठरवायला कितीदा बसलो! एकदा दादा उठून गेला, एकदा टिल्लूने दार आपटलं, मागच्या वेळी तर मीच चपला घातल्या. बेटावरून मात्र पाचच्या बोटीशिवाय सुटका नाही. तिथल्या बुरुजात म्हणे एका राजाला मरेपर्यंत कोंडलं होतं. राजाला पळता आलं नाही, दादाला काय येणार!

तिकिटं काढायचं काम आईला दिलं. तेवढाच तिला विरंगुळा. बेटावरच्या विश्रामगृहात फोन केला की बोटीची तिकिटं मिळतात.

५ मार्च, बुधवार

दादा एका फोनवर हो म्हणाला. दादा!! मागून टिल्लूही. आज माझ्याकडे ड्रायव्हिंग शिकणाऱ्या पोरीने गाडी सरळ फाटकात घातली, तेव्हाही इतकी दचकले नव्हते. तिथे निदान माझ्या बाजूला ब्रेक असतो.

८ मार्च, शनिवार

आईचा फोन. "तू शाळेतून गेली होतीस ना गं बेटावर? कपडे वाळत घालायला जागा आहे का तिथे?"

"आई, दिवसभराची सहल आहे. वाळत काय घालायचंय?"

"सहज विचारलं. वारा असेल ना पण?"

उभा जन्म इस्पितळाच्या कपडेखात्यात गेला तिचा. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट. निवृत्त झाली तरी कुठेही गेली की आधी दोरी शोधते. टिल्लूला सांगितलं, तो पोट धरधरून हसला.

११ मार्च, मंगळवार

डबे कुणी काय आणायचे ते ठरवायला दादाकडे गेले. वहिनी पोळपाट पुसता पुसता बोलून गेली — "सहा महिने आमच्याकडे, सहा महिने टिल्लूभावजींकडे. ठरलंच आहे की!"

ठरलंय?! कधी? आईला न विचारता, मला न सांगता! म्हणून दोघांचा हो इतका पटकन आला. बेटावर फक्त आईच्या कानावर घालायचं. माझाच डाव — आणि तो आईवर! ती बिचारी तिथून उठून जाणार कुठे?

टिल्लूला फोन करून चांगला झाडला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग तू ने ना ताई तुझ्याकडे."

माझ्या दोनच खोल्या, उजाडल्यापासून गाडीच्या शिकवण्या, रात्री अंग मोडून येतं — कारणं होती की! एकही तोंडातून निघेना. "नेते" हेही निघेना. फोन ठेवला तेव्हा कानशिलं तापली होती. टिल्लूने थोबाडीत दिली असती तरी एवढं लागलं नसतं. मला माझी आई नकोय? असं कसं होईल! पण "नेते" म्हणाले नाही, हे खरं.

१३ मार्च, गुरुवार

बेटावर रात्री दिवे जातात का, असं आई विचारत होती. रात्री!! आता या बाईचं काय करावं.

१५ मार्च, शनिवार

आईकडे गेले. दाराशी तिची बॅग. उचलायला गेले तर हात खांद्यातून निखळायची वेळ आली! उघडून पाहिलं — वर दोन साड्या, खाली इस्त्री.

"आई, इस्त्री कशाला?"

"असू दे गं. लागते."

तिच्या डोक्यावर काही परिणाम तर नाही ना झाला? दादाला कळवलं. तो म्हणाला, "म्हणजे एकटी ठेवायची नाहीच." उद्या फार जपून बोलायला हवं. मीच सुरुवात करीन.

१६ मार्च, रविवार

परतीच्या बोटीत लिहितेय. आम्ही चौघंच.

सकाळी उतरलो तर धक्क्यावर विश्रामगृहाच्या व्यवस्थापकबाई उभ्या होत्या. त्यांनी आईच्या हातात किल्ल्यांचा जुडगा ठेवला — "या! तुमची खोली झाडून ठेवलीय." नोकरी! तिकिटांसाठी फोन केला तेव्हा चादरी-पडदे सांभाळायला तिथे माणूस हवं होतं, हिने तिथल्या तिथे हो म्हटलं. परतीची तिकिटं मुळात चारच काढलेली.

दादाने दिवसभर समजावलं. ती म्हणाली, "तुम्ही बसून ठरवा निवांत. माझं ठरलंय."

पहिला सुटकेचा श्वास माझा होता. रडू त्यानंतर आलं. बोट सुटली आणि माझा पाय फळीवर दाबत राहिला, ब्रेक असल्यासारखा. मागे वळून हात हलवला. आई धक्क्यावर नव्हती. बुरुजाखाली स्टुलावर चढून दोरी बांधत होती.